परतीची वार्ता

समोरच्या तबकातील सुपारी घेण्यास हात पुढे करावा, ती चिमटीत धरावी आणि तोंडात टाकावी, या कृतीला फार तर दोन सेकंद लागतात. तेवढ्यासाठी आपण चाललेली गप्पाही थांबवीत नाही. असल्या क्षुल्लक क्रियेला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेली दोनशे वर्षे युरोप-अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि अलीकडे गणिती व यंत्रज्ञही या ‘हात पुढे करण्याच्या’ प्रश्नावर वाद घालीत आले आहेत. वादाचे मूळ थोडक्यात असे: मेंदूने हाताला हुकूम सोडला, त्यानंतर हाताकडून व डोळ्यांकडून जी वार्ता मेंदूकडे परत येते तिचा उपयोग किती? ती मुळीच आली नाही तर हात चालेल काय? आणि ती नेहमीच उशिरा येत असेल, तर मेंदू तिचे करतो तरी काय?

इंग्रजीत या परतीच्या वार्तेला फीडबॅक म्हणतात. आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्रत्याभरण’ हा शब्द रूढ आहे. तो नेमका असला तरी जिभेला जड आहे. म्हणून आम्ही या लेखात ‘परतीची वार्ता’ असेच म्हणणार आहोत. हा वाद केवळ विद्वानांच्या करमणुकीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्यांच्या घरी अर्धांगवायूने कोणा वडीलधाऱ्याचा हात लुळा पडला आहे, त्यांचा या वादाच्या निकालाशी थेट संबंध आहे, आणि तो कसा हे पुढे येईलच.

आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद होऊ शकेल. आम्ही तो १८२६ मध्ये धरतो. त्या वर्षी चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याचा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. मज्जारज्जूच्या पुढील मुळांतून स्नायूंकडे हुकूम जातात आणि मागील मुळांतून संवेदना आत येतात, ही गोष्ट तोवर बेल आणि फ्रान्समधील माजांदी यांच्या कामामुळे बरीचशी ठरली होती. (श्रेय कोणाचे यावर दोन्ही पक्षांत कडाक्याचे भांडण झाले; त्यात आम्ही शिरत नाही.) बेलने त्यापुढचा प्रश्न विचारला. स्नायूला हुकूम पोचविणारा तंतू आहे हे ठीक. पण त्याच स्नायूतून मेंदूकडे जाणारा दुसरा तंतू कशासाठी? त्याचे उत्तर असे की, मेंदू व स्नायू यांच्या दरम्यान एक वर्तुळ आहे. एक तंतू इच्छा घेऊन जातो, दुसरा स्नायूच्या स्थितीची खबर घेऊन येतो आणि वर्तुळ कोठेही तुटले तरी हालचाल बिघडते.

बेलने १८३३ मध्ये मानवी हातावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ईश्वराच्या योजकतेचा पुरावा मांडणाऱ्या ग्रंथमालेतील तो एक. परंतु त्याचे मोल आज त्यातील निरीक्षणांमुळे आहे. त्यात एका बाळंतिणीची हकीकत आहे. तिला झटका आला. एका बाजूची शक्ती गेली आणि दुसऱ्या बाजूची शक्ती राहून संवेदना तेवढी गेली. या शक्ती असलेल्या पण बधिर हाताने ती मूल छातीशी धरू शकत असे, मात्र जोवर तिची नजर मुलावर आहे तोवरच. लक्ष दुसरीकडे वळले की हाताचे स्नायू हळूहळू सैल पडत आणि मूल खाली पडण्याची भीती निर्माण होई. हाताकडून वार्ता येणे बंद झाले होते आणि ते काम डोळे पाहत होते. पुढील दीड शतकातील बहुतेक सगळा वाद या एका हकिकतीत बीजरूपाने आहे, असे आम्हांस वाटते.

मग वेळेचा प्रश्न उभा राहिला. मज्जातंतूंतून निरोप किती वेगाने जातो हे कधीच मोजता येणार नाही, असे योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाचे मत होते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या पायावर तो वेग मोजून दाखविला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे चांगल्या पळणाऱ्या घोड्याहून थोडासाच अधिक, भरला. माणसाच्या जाड तंतूंत तो याच्या दुपटीहूनही अधिक असतो. तरीही निरोप क्षणात पोचत नाही, त्याला प्रवास करावा लागतो, ही गोष्ट सिद्ध झाली. मोहिमेवरच्या सरदाराचा खलिता दरबारात पोचेपर्यंत रणांगणावरची परिस्थिती पालटलेली असावी, तशीच हाताच्या वार्तेची अवस्था आहे.

ही शिळी वार्ता प्रत्यक्ष हालचालीत कितपत कामी येते हे मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न रॉबर्ट वुडवर्थ या तरुण अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केला. १८९९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा प्रबंध आजही वाचनीय आहे. साधने साधी होती: फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला कागद, एक पेन्सिल आणि ठोके देणारे तालयंत्र. ठोक्यागणिक एक रेघ मारावयाची आणि ती आधीच्या रेघेएवढी ठेवावयाची. कधी डोळे उघडे, कधी मिटलेले. ठोके सावकाश असताना उघड्या डोळ्यांचा फायदा स्पष्ट दिसे. ठोके वाढवीत नेले की तो कमी होई आणि मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांच्या पुढे डोळे उघडे असोत की मिटलेले, चूक सारखीच होऊ लागे. यावरून वुडवर्थने अनुमान काढले की, हालचालीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे हाताची लक्ष्याच्या दिशेने झालेली मूळ फेक. ती आधीच ठरलेली असते. दुसरा भाग म्हणजे लक्ष्याजवळ आल्यावर पाहून केलेली दुरुस्ती. फेकीलाच सगळा वेळ गेला तर दुरुस्तीला अवसर उरत नाही.

आपल्याकडे सराव झालेल्या माणसाचा ‘हात बसला’ असे म्हणतात. रांगोळीची सलग रेघ मनगटाच्या एकाच झोकात ओढणारी बाई आणि तीच रेघ बिचकत, पाहत पाहत पुरी करणारी मुलगी, यांच्यातला फरक वुडवर्थच्या नळकांड्यावर आकड्यांनिशी उमटला होता. नजरेच्या दुरुस्तीस लागणारा वेळ त्याच्या हिशेबी जवळजवळ अर्धा सेकंद होता. तो पुढे बराच कमी ठरला. १९६८ मध्ये कील व पोस्नर यांनी हात निघताक्षणी दिवा मालवून पाहिले, तेव्हा तो १९० ते २६० मिलिसेकंद आला (हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद), आणि नंतरच्या प्रयोगांत तो शंभर-दीडशेपर्यंत उतरला. परंतु वुडवर्थने केलेली दोन भागांची विभागणी मात्र टिकून राहिली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये निराळ्याच मार्गाने या प्रश्नाला हात घातला गेला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९४ मध्ये दाखविले की, स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जेतील एकतृतीयांश ते अर्धे तंतू हुकमाचे नसून संवेदनेचे असतात. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे आपल्याला कळते, त्या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव पुढे १९०६ मध्ये त्यांनीच दिले. आपण तिला अंगस्थितीची जाण म्हणू. १८९५ मध्ये मॉट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी माकडाच्या एका हाताकडून येणारी संवेदनेची सर्व मुळे छेदली. हुकमाचे तंतू शाबूत होते. तरीही माकडाने तो हात पुन्हा कामासाठी वापरला नाही. भूक लागली तरी त्या हाताने खाद्य उचलले नाही. निष्कर्ष उघड दिसत होता: परतीची वार्ता नाही, तर स्वेच्छेची हालचालही नाही.

शेरिंग्टनच्या नावाचा दरारा एवढा होता की या निष्कर्षाला बरीच वर्षे कोणी फारसे आव्हान दिले नाही. एक अपवाद होता. १९१७ मध्ये कार्ल लॅशली यांनी पाठीच्या कण्यात गोळी लागलेल्या एका रुग्णाची तपासणी प्रसिद्ध केली. त्याचा गुडघा दुसऱ्याने हलविला तर तो हलला हेही त्यास कळत नसे. पण स्वतःहून पाय अमुक इतका हलव म्हटले की धडधाकट माणसाइतक्याच अचूकपणे तो हलवी. म्हणजे वार्ता नसतानाही हुकूम बरोबर पोचत होता! एकीकडे शेरिंग्टनचे माकड, दुसरीकडे लॅशलीचा रुग्ण, आणि दोन्ही निरीक्षणे खरी. हा पेच सुटण्यास आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागली.

तो सोडविण्यात मोठा वाटा एडवर्ड टाउब या अमेरिकन संशोधकाचा. त्याने शेरिंग्टनचाच प्रयोग पुन्हा केला. फरक एवढाच की, माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. तेव्हा ते माकड संवेदना नसलेला हात वापरू लागले! दोन्ही हातांची संवेदना छेदली तरीही ते दोन्ही हात वापरी. टाउबने काढलेला अर्थ असा: शस्त्रक्रियेनंतर लगेचचे काही दिवस हात खरोखरच चालत नाही. माकड प्रयत्न करते, फसते आणि एका हाताने भागवू लागते. पुढे शक्ती परत येते, पण तोवर त्याने तो हात ‘नसल्यातच’ जमा केलेला असतो. हात मेलेला नसतो, त्याला न वापरण्याची सवय जडलेली असते.

अर्धांगवायूचा संबंध येथे येतो. झटक्यानंतर रुग्ण चांगल्या हातानेच जेवू-खाऊ लागतो आणि घरचेही कौतुकाने त्याचे सगळे हातात देतात. दुबळ्या हातात उरलेली थोडी शक्ती तशीच पडून राहते. टाउबच्या अनुमानावरून उपचाराची एक पद्धत निघाली: दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक वेळ, चांगला हात जाड मोज्यात गुंतवून ठेवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करवून घ्यावयाचे. अमेरिकेत झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर तिची चाचणी घेण्यात आली. त्यांच्या हाताचा वापर नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारला आणि ती सुधारणा वर्षभर टिकली, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनगट आणि बोटे थोडी तरी हलतात अशांनाच ही पद्धत लागू पडते, पूर्ण लुळ्या हाताला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. अर्थात घरच्या मायेला हा उपचार कठोर वाटणारच.

या ज्ञानाची दुसरी बाजूही झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९८१ मध्ये टाउबच्या मेरीलँडमधील प्रयोगशाळेवर पोलिसांनी छापा घालून सतरा माकडे ताब्यात घेतली. त्यांच्या हालअपेष्टांवरून खटला झाला. शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली, पण त्या प्रकरणाने अमेरिकेत प्रयोगांतील प्राण्यांविषयीचे कायदे कडक झाले. रुग्णांचा लाभ खरा आणि मुक्या जिवांचे हालही खरे. एकाने दुसरे पुसले जाते असे आम्ही मानीत नाही.

माकडाला हात वापरता येतो, हे एवढ्याने ठरले. परंतु कसा वापरता येतो, याची साक्ष माणसानेच द्यावयास हवी होती. १९८२ मध्ये लंडनमधील डॉक्टरांनी एका रुग्णाचे तपशीलवार वर्णन केले. आजाराने त्याच्या हातांची संवेदना गेली होती. डोळे मिटून तो अंगठा क्रमाने एकेका बोटाला लावू शके, हवेत आकृत्या काढू शके. लॅशलीचे म्हणणे येथपर्यंत बरोबर ठरले. पण सदऱ्याची बटणे लावणे, पेन धरून लिहिणे, पेला धरून ठेवणे त्यास जमेना. पहिला हुकूम बरोबर जाई, नंतर पकड नकळत ढिली होई. बेलच्या बाळंतिणीचे दुखणे ते हेच. याच रुग्णाची दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. तो आपली जुनी मोटार चालवू शकत असे. त्याने नवी घेतली, ती मात्र त्याला शिकताच येईना, आणि शेवटी जुनीच जवळ ठेवावी लागली. जुने हुकूम मेंदूत तयार होते. नवे घडवावयाचे तर परतीच्या वार्तेवाचून घडेनात.

इयन वॉटरमन या इंग्रज गृहस्थाची हकीकत न्यूरॉलॉजीच्या जगात प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तापानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची व अंगस्थितीची जाण गेली. स्नायूंत जोर होता, पण अंग कोठे आहे हेच कळेना. कित्येक महिन्यांच्या कष्टाने, प्रत्येक अवयवाकडे पाहत पाहत, ते पुन्हा बसावयास आणि चालावयास शिकले. मात्र अचानक दिवे गेले की ते जागच्या जागी कोसळत. डॉक्टर जोनाथन कोल यांनी १९९१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले. आपण ज्या हालचाली विचारही न करता करतो त्यांतील प्रत्येकीसाठी या गृहस्थांना दिवसभर लक्ष खर्चावे लागे. डोळा हाताचा मुनीम होऊ शकतो, पण तो मुनीम महाग पडतो.

आता राहिला उशिराचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या गणितावर काम करणारे नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ च्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथात टेबलावरची पेन्सिल उचलण्याचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. परतीची वार्ता उशिरा येत असेल आणि यंत्र तिच्यावर जोरकसपणे दुरुस्ती करू लागले, तर ते लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खाते. असे दुखणे माणसात आढळते काय, असे त्यांनी आपल्या शरीरशास्त्रज्ञ मित्राला, रोझेनब्लूथ यांना, विचारले आणि उत्तर लगेच मिळाले: लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात वस्तूजवळ जाता जाता असाच थरथरतो. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या तपासणीत गॉर्डन होम्स यांनी ही लक्षणे बारकाईने नोंदविली होती. मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी तर १९२० नंतरच्या दशकातच छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचे छायाचित्रण करून दाखविले होते की, दर घावाला खांदा-कोपर-मनगटाची हालचाल थोडी निराळी असते, हातोड्याचे टोक मात्र जवळजवळ त्याच वाटेने जाते. १९४८ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले आणि लवकरच पाव्हलॉवच्या अनुयायांच्या रोषापायी त्यांचे काम बंद पडले.

धडधाकट माणसाचा हात मग का थरथरत नाही? कारण, आज मानले जाते त्याप्रमाणे, मेंदू वार्तेची वाट पाहत बसत नाही. हुकूम सोडताना तो त्याची नक्कल स्वतःपाशी ठेवतो आणि तिच्यावरून हात आता कोठे असेल याचा अंदाज बांधतो. उशिरा आलेली वार्ता या अंदाजाशी ताडून पाहावयाची, आणि फरक पडेल तेवढीच दुरुस्ती. हुकमाच्या नकलेची कल्पना १९५० मध्ये जर्मनीत फॉन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत स्पेरी यांनी स्वतंत्रपणे मांडली. अंदाज सतत सुधारला जातो याचा पुरावा तर हेल्महोल्ट्झनेच देऊन ठेवला होता. समोरचे दृश्य एका बाजूला सरकविणाऱ्या लोलकांचा चष्मा घातला की प्रथम हात चुकतो. थोड्या प्रयत्नांनंतर बरोबर पडू लागतो. आणि चष्मा काढताच उलट बाजूला चुकतो. लहान मेंदू बिघडलेल्या अनेक रुग्णांचा हात मात्र अशा चष्म्याला सरावतच नाही.

अंदाज आणि वार्ता यांची ही ताडणी आपल्या नकळत होते, हे फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लागे, त्याच्याकडे बोट न्यावयाचे. स्वतःचा हात दिसत नसे. नजर दिव्याकडे झेप घेत असतानाच्या क्षणी दिवा थोडा पुढे सरकविला जाई. त्या क्षणी डोळ्याला हा बदल जाणवत नाही, त्यामुळे दिवा हलला हे कोणालाच कळले नाही; विचारले तर दिशाही सांगता आली नाही. हात मात्र न अडखळता नव्या जागी पोचला. पेलिसाँ, प्राब्लाँ, गुडेल आणि झाननरो यांचे हे काम १९८६ चे. २००० मध्ये याच परिसरातील संशोधकांनी आणखी पुढे जाऊन लोकांना बजावले की, दिवा हलला तर हात जागीच थांबवा. घाईच्या हालचालींत हात तरीही नव्या जागेकडे वळलेच, आणि ज्यांचे ते हात होते तेच चकित झाले.

ही दुरुस्ती मेंदूच्या मागील-वरच्या, म्हणजे पार्श्विका भागावर अवलंबून असते. तेथे दोन्ही बाजूंना इजा झालेल्या एका स्त्री रुग्णाचा हात आधी जुन्या जागी जाई आणि मग नव्या जागी. बुडापेस्टचे डॉक्टर रेझ्यो बालिंट यांनी १९०९ मध्ये वर्णिलेला रुग्णही याच जातीचा. ताटलीतले मांस कापताना तो सुरीने ताटलीबाहेर शोधू लागे आणि सिगारेट टोकाऐवजी मध्येच पेटवी. त्याची नजर चांगली होती, उजव्या हातात जोरही होता आणि डावा हात बरोबर पडे. नजर आणि उजवा हात यांच्या मधला दुवा तेवढा तुटला होता, हे बालिंट यांनी त्या काळी ओळखले याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

या सर्व ज्ञानाची कसोटी आता यंत्राच्या हातावर लागत आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे हातपाय निकामी झालेल्या एका गृहस्थाच्या मेंदूत बारीक विद्युदग्रे बसविण्यात आली आणि त्यांतून मिळणाऱ्या संदेशांवर तो यंत्राचा हात चालवू लागला. प्रथम त्याला केवळ डोळ्यांचाच आधार होता. नंतर यंत्राच्या बोटांवरील दाब मोजून त्याची खबर मेंदूच्या स्पर्शाच्या भागात सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने पोचविण्यात आली, म्हणजे बेलचे वर्तुळ कृत्रिमरीत्या पुरे करण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्यास त्याला पूर्वी साधारणपणे २०.९ सेकंद लागत, ते १०.२ सेकंदांवर आले. वाचलेला बहुतेक वेळ वस्तू पकडण्याच्या टप्प्यातला होता. हात वस्तूपर्यंत नेण्याचे काम त्याचे डोळे आधीपासूनच पार पाडीत होते.